व्हायोलिन कॉन्चर्टो लिहितोय, पण त्याची गोधडी होतेय. कुणी मार्ग दाखवेल का?

शेवटचा_स्टँड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मी मूळचा पुण्याचा, सध्या श्टुटगार्टजवळ एका गावात, नोकरी सॉफ्टवेअरची. लहानपणी आठ वर्षं गुरुजींसमोर मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवून शिकलो आणि कॉलेजमध्ये मग हनुवटीखाली धरून वेस्टर्न. त्यामुळे दोन्हीकडचा अर्धा अर्धा. इथे गावातल्या हौशी ऑर्केस्ट्रात सेकंड व्हायोलिनमध्ये अगदी मागच्या स्टँडवर बसतो.

झालं असं की ख्रिसमसच्या पार्टीत दोन ग्लास झाल्यावर मी कंडक्टरना म्हणालो की मला एक कॉन्चर्टो (एक सोलो वाद्य आणि सोबत ऑर्केस्ट्रा) लिहायचाय ज्यात आपलं राग-संगीत पण असेल आणि इतर पण. ते म्हणाले लिही, आपण पुढच्या सीझनला वाजवू, सोलो आपल्या कॉन्सर्टमास्टर बाई (पहिल्या व्हायोलिनच्या प्रमुख) करतील. मला वाटलं विसरतील पण जानेवारीत त्यांची मेल आली की पार्ट कधी देतोस :(

तर अठरा मिनिटांचा तीन मूव्हमेंटचा (भागांचा) आराखडा असा. पहिली यमन, सा म्हणजे डी (बेथोवेन, ब्राम्स, चायकोव्हस्की, सिबेलियस सगळ्यांचे कॉन्चर्टो डी मध्येच आहेत, म्हटलं आपण कोण वेगळं करणारे), शेवटी रूपक तालात तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं). दुसरी ब्लूज. तिसरी ढोलकीच्या अंगाने, लावणीचा ठेका. म्यूझस्कोरमध्ये (स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर) ऐकताना मला स्वतःला भारी वाटत होतं. मागच्या आठवड्यात पहिले साठ बार सगळ्यांनी वाजवून बघितले आणि अक्षरशः घाम फुटला.

एक तर मिंड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं. मी ग्लिसांडोची (वेस्टर्नमधल्या घसरणीची) तिरकी रेघ मारली होती, बाईंनी ती अशी वाजवली की बाहेरून अँब्युलन्स गेली असं वाटलं. त्यांची चूक नाही, कागदावर तेच लिहिलंय. दुसरं म्हणजे ४१ व्या बारपासून सोलो यमनचा आलाप करतेय आणि खाली मी डी मेजर मग ए सेव्हन्थ मग परत डी मेजर असं घातलंय, तर हॉर्न वाजवणारे सत्तरीचे आजोबा हात वर करून म्हणाले की माझ्याकडे जी आहे, सोलोकडे जी शार्प आहे, छपाईची चूक आहे का? सगळे हसले. मीपण हसलो पण आतून मेलो. तिसरं, तिहाईला अर्धे लोक हरवले. आणि चौथं सगळ्यात वाईट, कंडक्टर नंतर कॉफी पिताना गोड आवाजात म्हणाले, ‘छान आहे, पण हे तीन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलंय असं वाटतं.’

गोधडी झालीये हे मलाही कळतंय. शैली मिसळायच्या कशा? कुणी असलं काही केलंय का? टोमणे चालतील पण सोबत उपाय द्या.

---

व्हायोलावाली_ताई

आधी हॉर्नवाल्या आजोबांना माझा साष्टांग नमस्कार सांग, असा माणूस प्रत्येक ऑर्केस्ट्रात हवा.

अरे ए सेव्हन्थ म्हणजे ए, सी शार्प, ई, जी. तुझ्या यमनमध्ये मध्यम तीव्र, म्हणजे डी चा सा धरला तर जी शार्प. म्हणजे तू वर तीव्र म आणि खाली शुद्ध म एकाच वेळी घेतोयस आणि तोही हॉर्नसारख्या वाद्यात, जो लपत नाही. सेव्हन्थवरून घरी यायची ही सवय वेस्टर्न हार्मनीत हाडीमाशी मुरलेली असते, आपण नकळत तीच करतो. यमनला ती लागूच होत नाही. यमनमध्ये घरी यायचा रस्ता वेगळा, नि रे ग करून मग सा कडे बघायचं.

उपाय: खाली बेसला डी लांब धरून ठेव आणि वर कॉर्ड बदलायचीच असेल तर ई मेजर वापर (ई, जी शार्प, बी), तीव्र मध्यम त्याच्या पोटातच आहे. किंवा सी शार्प मायनर. ए मेजर पण चालेल, फक्त त्यातला सातवा काढ. पण माझं ऐकशील तर कॉर्ड हा विचारच थोडा वेळ बाजूला ठेव. यमनचा वादी (मुख्य स्वर) ग, संवादी (त्याच्या खालोखालचा) नि, तुझ्याकडे ते एफ शार्प आणि सी शार्प, दोघांत शुद्ध पंचमाचं अंतर. आम्हा व्हायोलांना डिव्हिजी करून (दोन गटांत वाटून) तो ग-नि नुसता धरायला दे, सा-प नकोच. सा वर टेकायला खाली जमीनच नाही म्हटल्यावर सोलो आपोआप तरंगायला लागेल, तेच तर यमनचं सुख आहे. (आणि व्हायोलांना काहीतरी करायला मिळेल, जन्मभर ऑफबीट वाजवून हात दुखलेत.)

तंबोरा दाखवायला हार्प असेल तर ठीक, नसेल तर चेलोचे दोन भाग करून एकाला पिझिकाटो आणि दुसऱ्याला तोच स्वर धनुष्याने, ब्रिजच्या जवळ, अगदी हलका. ब्रिजजवळ वाजवलं की वरचे हार्मॉनिक्स सुटतात, तंबोऱ्याच्या जवारीच्या (तारेच्या त्या झणझणीच्या) जवळपास जातं. पियानो घालू नकोस, त्याचे स्वर ठोकून बसवलेले, सगळा गंधार बिघडवेल.

---

वाईचा_वाद्यवेडा

ताईंशी सहमत, फक्त एक भर. तुम्ही सा डी घेतलात ते ‘सगळ्यांनी घेतला म्हणून’ असं लिहिलंत, पण त्यांनी का घेतला ते बघा. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. डी हा सा धरला की मधल्या दोन तारा सा आणि प होतात, वाद्य आपोआप घुमतं. पण मग सगळ्यात खालची जी काय होते? शुद्ध मध्यम! म्हणजे तुमच्या बाई मंद्रात (खालच्या सप्तकात) उतरल्या आणि चुकून ती तार मोकळी लागली की यमनचा कार्यक्रम संपला.

त्यापेक्षा सा जी वर न्या. मग जी, डी, ए, ई म्हणजे सा, प, रे, ध. चारही तारा यमनमध्ये बसतात. आपल्याकडे बैठकीत वाजवणारे तारा सा-प मध्ये लावून घेतात ते याच साठी, तार मोकळी असली तरी रागात असली पाहिजे. पं. व्ही. जी. जोग, तसेच गजाननबुवा जोशी, डी. के. दातार, या सगळ्यांच्या रेकॉर्ड्स परत ऐका, पण या वेळी राग ऐकू नका, मोकळी तार कुठे लागतेय तेवढंच ऐका.

मिंडेबद्दल: तिरकी रेघ म्हणजे इथून तिथे सारख्या वेगाने जा. मिंड तशी नसते हे तुम्हाला हाताला माहितीये, कागदाला नाही. निघायच्या स्वरावर ती रेंगाळते, मग झपकन जाते आणि पोचायच्या आधी वरच्या स्वराला हलकंच शिवून येते. मग तेच लिहा ना. पहिला स्वर लांब, बिंदू लावून, रेघ शेवटच्या सोळांशात, पुढे कणस्वर छोट्या नोटेने, वर लिहा ए तारेवर आणि एकाच बोटाने. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोनवर गाऊन बाईंना पाठवा. गाऊनच. वाजवून नको, नाहीतर त्या तुमची बोटं बघत बसतील. एन. राजम यांचं गायकी अंगाचं एखादं रेकॉर्डिंग सोबत जोडा, त्यांना लगेच कळेल की हे बोटाचं काम नाही, गळ्याचं आहे.

---

शेवटचा_स्टँड

ताई, वाईकर काका, दंडवत. जी शार्पचं डोक्यात लख्ख झालं. काका, सा जी वर नेला तर मंद्र नि मिळत नाही ना पण? सोलोची सगळ्यात खालची तारच सा, त्याखाली काही नाही. आणि माझी सुरुवातच मंद्र नि रे ग वरून आहे :( मधल्या सप्तकात केली तर ती जादू जाते.

---

वाईचा_वाद्यवेडा

हा मुद्दा बरोबर आहे. मग डी ठेवा आणि जी तार बाईंकडून मोकळी वाजणार नाही असं फिंगरिंग लिहून द्या.

---

तिहाईमास्तर

तिहाईवर कुणीच बोललं नाही म्हणून येतो. (तबला, तीस वर्षं, त्यातली वीस फ्यूजनवाल्यांबरोबर, त्यामुळे लोक हरवलेले भरपूर पाहिलेत.)

तू काय केलं असशील ते न बघता सांगतो. रूपक सातचा, दोन आवर्तनं चौदा, पंधरावी मात्रा म्हणजे सम. तू पाचाचा तुकडा मधे दम न घेता तीनदा ठेवला असशील, पाच त्रिक पंधरा, शेवटचा आघात बरोब्बर समेवर. गणित चोख. पण कागदावर तू ७/८ चेच बार ठेवलेस ना? म्हणजे दुसरा तुकडा पहिल्या बारच्या सहाव्या मात्रेवर सुरू होतो, बारची रेघ त्याच्या पोटातून जाते. आपल्याला रेघ दिसत नाही, आपण हातावर टाळी धरून बसलेलो असतो. त्यांच्यासाठी बारची पहिली मात्रा म्हणजे जमीन, ती तू मधेच ओढलीस.

त्यांच्यासाठी बारच बदल. ५/८, ५/८, ४/८ आणि मग ७/८. पाच नि पाच नि चार चौदा, तिसऱ्या तुकड्याचा शेवटचा आघात पुढच्या ७/८ च्या पहिल्या मात्रेवर. कंडक्टरचा हात तुकड्याबरोबर खाली येतो, कुणी हरवत नाही. ३+२+२ चे सात त्यांना नवीन नाहीत, बार्टोकने बल्गेरियन तालात असले प्रकार करून ठेवलेत, तेव्हा आपण काहीतरी अगम्य पौर्वात्य देतोय असा भाव आणू नकोस.

आता खरी गंमत. रूपकची सम ‘खाली’वर असते, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायच्या मात्रेवर. तिथे तू काय लिहिलंयस? पैज लावतो, सगळा ऑर्केस्ट्रा फोर्टिसिमो, टिंपनी, झांज. अरे ‘खाली’वर बॉम्ब कसला टाकतोस! तिहाईला सगळ्यांना चढवत आण आणि समेवर सगळ्यांना गप्प कर. फक्त सोलोची मोकळी डी तार आणि खाली एक डबलबेस. करून बघ, लोक श्वास रोखून बसतील.

---

शेवटचा_स्टँड

मास्तर तुम्ही माझा लॅपटॉप हॅक केलाय का??? झांज पण आहे.

---

ब्लूज_ऑन_एफसी_रोड

मी जरा कडू बोलणार आहे. ताल-सुराचं सगळं दुरुस्त होईल पण कंडक्टर जे कॉफीवर म्हणाले ते राहीलच, कारण ब्लूज तिथे आहेच कशाला? विन्टन मार्सालिसचा कॉन्चर्टो ऐकून घातलास ना? २०१५ चा, निकोला बेनेडेटीसाठी लिहिलेला, तिसरी मूव्हमेंट ब्लूज आणि चौथीत सगळा ऑर्केस्ट्रा पाय आपटतो, टाळ्या वाजवतो. तो माणूस न्यू ऑर्लिन्सचा, ट्रम्पेटवाला, ब्लूज त्याच्या घरातला आहे. तू पाय आपटायला लावशील तर ते भजनी मंडळातल्या पावलीचे आपट ना भावा. ऑर्केस्ट्राला पावली शिकव, जर्मन लोक रांगेत छान करतील.

---

व्हायोलावाली_ताई

पावलीची आयडिया भन्नाट पण ब्लूजला एवढं हाकलायची गरज नाही हं. ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लोंबकळतो. आपल्या जोग रागामध्ये दोन्ही गंधार आहेत, शुद्धवरून कोमलवर घसरत येतात. तोच सांधा आहे. बारा बारचा साचा टाकून दे, नुसता तो गंधार ठेव, म्हणजे ऐकणाऱ्याला कळणारच नाही की जोग ऐकतोय की ब्लूज.

---

काणकोणकर

उशिरा आलो, पण वाचून राहवलं नाही बघा. आमच्या गोव्यात चर्चच्या शाळेत पोरांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवायची पोर्तुगीज काळापासूनची पद्धत. तिथून शिकून मुंबईला गेलेल्या लोकांनी हिंदी सिनेमाचा निम्मा ऑर्केस्ट्रा भरला. माझे मोठे मामा त्यातलेच, कुठल्या मोठ्या जागी नव्हे, तुझ्यासारखेच मागच्या रांगेत. ते सांगत, संगीतकार पेटीवर चाल गुणगुणणार, अरेंजर ती ऐकता ऐकता कागदावर उतरवणार आणि घरी जाऊन तिच्या अंगाखांद्यावर दुसरी चाल रचणार. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी माणसं. गोन्साल्विसनी तर १९५८ मध्ये मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात मोठा ऑर्केस्ट्रा उभा करून रागांवरच्या रचना सादर केल्या, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला. म्हणजे तू जे करतोयस ते पहिल्यांदा होत नाहीये, निवांत हो.

मामा काय म्हणत ते सांगतो. ते म्हणत, रागाखाली कॉर्ड ठेवलीस तर राग कॉर्डचा नोकर होतो. म्हणून रागाला सोबत द्यायची ती दुसऱ्या चालीची. सोलो थांबली की ओबोने तिचं शेपूट धरायचं, ओबो थांबला की चेलोने. एकाच वेळी सगळ्यांनी बोलायचं नाही. तुझी सोलो जी तारेवर असताना वर ब्रास वाजत असेल तर ती दिसेल, ऐकू येणार नाही. म्यूझस्कोरला ते कळत नाही, तिथे आवाजाचं बटण असतं, हॉलमध्ये नसतं.

आणि ह्या शैली मिसळण्याच्या बाबतीत एक गोष्ट, माझी सगळ्यात आवडती. आल्बान बर्गचा १९३५ चा व्हायोलिन कॉन्चर्टो घे. बारा स्वरांच्या पद्धतीचा (बाराही स्वरांची एक ठरावीक ओळ लावून तिच्यावर रचलेला), त्या काळचा अतिशय आधुनिक. त्यात त्याने ऑस्ट्रियाच्या कारिंथियातलं एक लोकगीत घातलंय आणि शेवटाकडे बाखने वापरलेला एक कोराल (चर्चमधलं स्तोत्र), ‘एस इस्ट गेनूग’, म्हणजे पुरे झालं आता. तीन वेगळी जगं, तुझ्यासारखीच. पण गोधडी होत नाही. का? सुरुवातीला सोलो नुसत्या मोकळ्या तारांवर वर-खाली जाते, जी डी ए ई. बाराची ओळ त्याच तारांवर बेतलेली. आणि ओळीचे शेवटचे चार स्वर हे एकेक पूर्ण स्वराने चढणारे, आणि त्या कोरालचे पहिले चार स्वर तेच. म्हणजे बाख बाहेरून आणून चिकटवलेला नाही, तो ओळीच्या शेपटातून बाहेर येतो. पहिल्या पानापासून तो तिथेच बसला होता.

आता ते चार स्वर तू गाऊन बघ. एकेक पूर्ण स्वर वर, चार स्वर. सा रे ग आणि तीव्र म.

यमन आहे रे बाबा तो!

मी असं म्हणत नाही की बर्ग घाल. तुझ्या तिन्ही मूव्हमेंटमध्ये असले तीन-चार स्वर शोध, जे तुझ्या लावणीतही आहेत आणि यमनमध्येही. नसले तर लावणीची चाल बदल, चाल तुझीच आहे ना, कुणी कोर्टात खेचणार नाही.

---

तिहाईमास्तर

काणकोणकर, अंगावर काटा आला. लगेच पेटी काढून वाजवून बघितलं. खरंच की हो.

---

ब्लूज_ऑन_एफसी_रोड

ओके, कडू शब्द अर्धे मागे. पण मला उलटी बाजूही मांडायचीये कारण सगळेच एका दिशेने चाललेत. सगळं एका बीजातून निघालंच पाहिजे असं थोडंच आहे? श्निट्के या सोव्हिएत संगीतकाराने मुद्दाम एकमेकांच्या अंगावर शैली सोडल्या. त्याच्या १९७७ च्या पहिल्या कॉन्चर्टो ग्रोसोमध्ये बरोकसारखं काहीतरी चाललेलं असतं आणि मधेच हार्पसिकॉर्डवर टँगो सुरू होतो. शिवण मुद्दाम दिसते. आमच्या आजीच्या गोधडीतही कुणाची नऊवारी, कुणाचा सदरा स्पष्ट ओळखू यायचा, तेच तर तिचं वैभव. पण आजीचा टाका सगळीकडे एकच होता. तुझा टाका कुठलाय ते ठरव, मग ठिगळं कितीही लाव.

---

नवी_वाचक_शांघाय

छोटीशी भर. कामानिमित्त चीनमध्ये असते. इथे ‘बटरफ्लाय लव्हर्स’ नावाचा व्हायोलिन कॉन्चर्टो घराघरात माहितीये, १९५९ चा, इथल्याच कॉन्झर्व्हेटरीच्या दोन विद्यार्थ्यांनी लिहिला, चाली युए ऑपेराच्या (चिनी संगीतनाटकाचा एक प्रकार) आणि व्हायोलिनवर एरहू या तंतुवाद्यासारखी घसरण. टीका करणारे म्हणतात गोडगोड आहे, असेलही, पण टॅक्सीवाला गुणगुणतो. मिंडेबद्दल वरती वाचलं म्हणून आठवलं, ते लोक हा प्रश्न साठेक वर्षांपूर्वी सोडवून बसलेत, पार्ट मिळाला तर बोटं कशी लिहिलीयेत ते बघा.

---

शेवटचा_स्टँड

मंडळी, दहा दिवस गायब होतो, कारण खरंच बसून लिहीत होतो. तुमच्यामुळे काय काय झालं ते सांगतो.

ए सेव्हन्थ सगळे गेले. ग-नि व्हायोलांना दिला, त्यांच्या लीडरने मला चॉकलेट दिलं (खोटं नाही). तिहाई मास्तरांच्या हिशोबाने नव्या बारमध्ये लिहिली आणि झांज काढली, समेवर मोकळी डी आणि एक बेस. मिंड गाऊन पाठवली, बाईंचा उलटा व्हॉइस मेसेज आला, त्यांनी तीच मिंड गाऊन पाठवली होती आणि माझ्यापेक्षा सुरात. मग व्हायोलिनवर पाठवली, आता अँब्युलन्स नाही, पोचल्यावर जरा जास्तच थरथर आहे, व्हायब्रॅटो काढा असं लिहायचं राहिलं होतं.

बारा बारचा ब्लूज काढला. फार जीवावर आलं. जोगचे दोन गंधार ठेवलेत, शुद्धवरून कोमलवर. आता माझी अडचण काणकोणकरांमुळे वाढलीये, कारण सा रे ग तीव्र म मी लावणीत शोधत बसलो आणि तो तीव्र म लावणीत आला की ती एकदम बैठकीची व्हायला लागते, ठसका जातो. दोन रात्री त्यावर घालवल्या. शेवटी चार स्वर चालीत न ठेवता व्हायोलांकडून धनुष्याच्या काठीने तारेवर टिपरीसारखे वाजवून घेतले, चाल वर शुद्ध मध्यमातच मोकळी. म्हणजे बीज ठेक्यात आहे, गाण्यात नाही. हे चालतंय का ते कागदावर कळत नाहीये.

शुक्रवारी रिहर्सल आहे. हॉर्नवाल्या आजोबांना अजून सांगितलेलं नाही की पहिल्या मूव्हमेंटमध्ये त्यांना आता बहात्तर बार नुसताच विश्राम आहे.

---

व्हायोलावाली_ताई

त्यांना लावणीत एक हाक दे रे, तुतारी वाजते तशी. जी शार्पवर.